काउंटरवर सर्व्हर सापडत नाही, शेठच्या टेबलावर मात्र सगळं झकास

तालुक्याच्या गावात मी कॉम्प्युटरची कामं करतो. औषधांची दुकानं, कापड, भुसार, हार्डवेअर आणि दोन पतसंस्था एवढा पसारा. मांडणी बहुतेक ठिकाणी तीच. शेठच्या टेबलाखालच्या पीसीवर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस, म्हणजे बिलांचा सगळा डेटाबेस सांभाळणारा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम, टाकलेला असतो. त्या पीसीलाच सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात. काउंटरवर दोन-तीन पीसी, त्यांवर बिलिंगचा प्रोग्रॅम. मध्ये आठ पोर्टांचा स्विच, नाहीतर इंटरनेटवाल्याने बसवून दिलेला राउटर. तक्रारही तीच: प्रोग्रॅम उघडतो, पण डेटाबेसला जोडला जात नाही. फोन येतो सकाळी साडेनऊला, आणि गिऱ्हाईक समोर उभं असतं.

हा बिघाड इतक्या वेळा काढलाय की तपासायचा क्रम आता हातात बसलाय. तोच इथे देतो. आधी फुकटातलं आणि सोपं, मग वेळखाऊ, शेवटी जिथे हात लावायचा नाही ते. मेनू आणि कमांडची नावं मी फोनवर सांगतो तशीच लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

लक्षणं

- पंधरा-वीस सेकंद काहीच होत नाही, मग ‘अ नेटवर्क-रिलेटेड ऑर इन्स्टन्स-स्पेसिफिक एरर’ अशी सुरुवात असलेला लांबलचक संदेश. शेवटाकडे एरर २६, ४० किंवा ५३.
- ‘लॉगिन फेल्ड फॉर युजर’, नंबर १८४५६. कधी ‘कॅनॉट ओपन डेटाबेस’, नंबर ४०६०.
- सर्व्हरच्या पीसीवर बिलिंग चालतं, काउंटरवर नाही.
- सकाळी चालत नाही, अर्ध्या तासाने कुणी तरी काही तरी दाबतं आणि चालू होतं.
- बिल करता करता मध्येच तुटतं, नंबर १००५४.
- नवा पीसी आणला, त्यावर ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’ किंवा ‘आर्किटेक्चर मिसमॅच’.

ओके दाबायच्या आधी मोबाइलने पूर्ण संदेशाचा फोटो काढा. “एरर आली” एवढ्यावरून मला काहीच कळत नाही, तुम्हालाही कळणार नाही. सगळी मेख त्या कंटाळवाण्या मजकुराच्या शेवटच्या आकड्यात असते.

आधी एवढं ठरवा: घर सापडलं नाही, की दारातून परत पाठवलं?

एरर २६, ४०, ५३, १००६० यांचा अर्थ काउंटरच्या पीसीला सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही. १००६१ म्हणजे घर सापडलं, पण त्या दाराआड कोणी नाही. सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा डेटाबेसचा प्रोग्रॅम, बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. हा पोर्ट म्हणजे स्विचचं भोक नाही, सर्व्हरच्या दाराचा नंबर. १८४५६ आणि ४०६० मात्र वेगळे. पाहुणा पोचला, दार वाजवलं, आतून कोणी तरी आलं आणि “तुम्हाला ओळखत नाही” म्हणून त्याला परत पाठवलं.

१८४५६ दिसला की मला बरं वाटतं. केबल, स्विच, फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारा पहारेकरी), पोर्ट सगळं ठीक आहे, हे त्या एका आकड्याने सांगून टाकलेलं असतं. तरी अशा वेळी नवा राउटर विकत आणणारी माणसं मी पाहिली आहेत. तुमच्याकडे हा आकडा असेल तर खालच्या पाच-सहा तपासण्या सोडून थेट लॉगिनच्या भागाकडे जा.

वायर, दिवे, झोप

पहिली तपासणी हात न लावता होते. सर्व्हरचा पीसी खरंच चालू आहे का, आणि जागा आहे का? स्क्रीन काळी आणि पॉवरचा दिवा लुकलुकतोय म्हणजे तो स्लीपमध्ये गेलाय. दुपारी शेठ जेवायला घरी गेले की तासाभरात बिलिंग तुटतं, ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुटते. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद झाली तर चालेल, पीसी झोपता कामा नये.

मग केबल. पीसीच्या मागे जिथे केबल बसते तिथला दिवा आणि स्विचवरचा त्याच पोर्टचा दिवा, दोन्ही लागले पाहिजेत. एका भुसार दुकानात दर पंधरा दिवसांनी दुसरा काउंटर तुटायचा. तिथल्या पोराने केबल हलवली की दिवा लागायचा, म्हणून सगळे म्हणायचे, “हलवली की चालते.” शेवटी पोती सरकवून बघितलं, तर उंदराने वरचं आवरण चार बोटं सोललेलं आणि आतल्या आठ तारांपैकी एक फक्त टेकून उभी होती. दोन-तीनशे रुपयांची केबल बदलली आणि तीन महिन्यांचा ताप गेला. दुसरी केबल लावून बघायला दोन मिनिटं लागतात, म्हणून ती तपासणी आधी.

काउंटरच्या पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाइप करा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या पीसीला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. म्हणजे केबल, स्विच किंवा राउटर. डेटाबेसचा इथे काही संबंध नाही.

रीस्टार्ट करायचा तर क्रमाने, आणि एकदाच

आधी राउटर आणि स्विच, मग सर्व्हर, चार-पाच मिनिटं थांबायचं, मग काउंटर. सगळी बटणं एकदम दाबली तर काउंटर आधी उठतो, सर्व्हर अजून डोळे चोळत असतो, आणि तोच संदेश परत येतो. मग लोक म्हणतात, रीस्टार्टनेही जात नाही.

रीस्टार्टने गेलं तर वेळ कागदावर लिहून ठेवा. तारीख, वाजले किती, त्याआधी लाईट गेली होती का. तीन नोंदी झाल्या की कारण जवळजवळ समोर येतं. रोज रीस्टार्ट करून पुढे ढकलत राहिलात तर ते कधीच दिसत नाही.

सर्व्हिस उठली का?

आता सर्व्हरच्या पीसीवर विंडोज आणि आर ही बटणं दाबून सर्व्हिसेस डॉट एमएससी टाइप करा. यादीत एसक्यूएल सर्व्हर आणि पुढे इन्स्टन्सचं, म्हणजे त्या पीसीवर बसवलेल्या त्याच्या प्रतीचं, नाव दिसेल, बहुधा एसक्यूएलएक्सप्रेस. त्यासमोर ‘रनिंग’ आहे का बघा. नसेल तर राइट क्लिक, स्टार्ट.

लाईट जाऊन आल्यावर सकाळी बिलिंग चालत नाही, या तक्रारीचं मूळ आमच्याकडे बहुतेक इथे सापडतं. पीसी जुना, हार्ड डिस्क फिरणारी, अँटिव्हायरस आणि विंडोज अपडेट दोघंही सुरुवातीलाच डिस्कवर तुटून पडलेले. विंडोज कुठल्याही सर्व्हिसला ‘मी उठलो’ म्हणायला मुळात ३० सेकंद देतं. तेवढ्यात एसक्यूएल सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याचा नाद सोडतं आणि इव्हेंट व्ह्यूअर या आपल्या नोंदवहीत ७००९ आणि ७००० अशा दोन नोंदी टाकतं. पुढे दिवसभर ते परत प्रयत्न करत नाही. मग पीसी गरम झाल्यावर कुणी तरी रीस्टार्ट करतं, तोवर डिस्क शांत झालेली असते, सर्व्हिस उठते, आणि सगळ्यांना वाटतं जादू झाली.

इलाज दोन, दोन्ही फुकट. सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमध्ये स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट’ करा. मग ती गर्दी ओसरल्यावर, साधारण दोन मिनिटांनी उठते. आणि रिकव्हरी टॅबमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या फेल्युअरला ‘रीस्टार्ट द सर्व्हिस’ निवडा. तिसरा इलाज पैशाचा: सर्व्हरला एसएसडी आणि चालू बॅटरीचा यूपीएस. डेटाबेसवर लिहिणं चालू असताना वीज गेली की पुढचं दुखणं कनेक्शनचं राहत नाही, डेटाचं होतं. बॅटरी मेलेला यूपीएस टेबलाखाली शोभेला ठेवलेली दुकानं मी रोज बघतो.

स्टार्ट दाबल्यावर १०६९ आला तर सर्व्हिस ज्या विंडोज खात्याने चालते त्याचा पासवर्ड कोणी तरी बदललाय. लॉग ऑन टॅबमध्ये नवा पासवर्ड द्या. वेगळाच आकडा आला, किंवा सर्व्हिस उठून लगेच पडली, तर इथे थांबा आणि शेवटचा भाग वाचा. तीच कळ दहा वेळा दाबू नका.

सर्व्हरचा पत्ता बदललाय का?

राउटर प्रत्येक पीसीला पत्ता वाटतो, आणि तो कायमचा देत नाही. काल सर्व्हरला १९२.१६८.१.५ होता, लाईट गेल्यावर आज शेठच्या मुलाच्या मोबाइलला तो मिळाला आणि सर्व्हर १९२.१६८.१.९ वर गेला. बिलिंगच्या सेटिंगमध्ये जुनाच पत्ता लिहिलेला. प्रोग्रॅम इमानेइतबारे मोबाइलचं दार वाजवत बसतो.

सर्व्हरवर आयपीकॉन्फिग चालवा, आलेला पत्ता काउंटरच्या सेटिंगमधल्या पत्त्याशी ताडून बघा. वेगळा असेल तर काउंटरवर बदलून तात्पुरतं भागवू नका. राउटरच्या पानावर डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा अॅड्रेस रिझर्व्हेशन असतं, तिथे सर्व्हरच्या मॅक अॅड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या नंबराला) एक पत्ता बांधून टाका. काही जण सर्व्हरवरच पत्ता हाताने लिहितात. तेही चालतं, पण राउटर तोच पत्ता दुसऱ्या कुणाला देणार नाही याची काळजी घ्यावी लागते, आणि ती कोणी घेत नाही.

पत्त्याऐवजी पीसीचं नाव लिहिलं असेल तर एकदा नावाच्या जागी पत्ता टाकून बघा. पत्त्याने चालतं आणि नावाने नाही, म्हणजे सर्व्हर ठीक आहे, नाव ओळखण्यात गडबड आहे.

एक सूचना पिंगबद्दल, म्हणजे दुसऱ्या पीसीला ‘आहेस का?’ विचारणाऱ्या कमांडबद्दल. पिंगला उत्तर आलं नाही म्हणून सर्व्हर बंद असं समजू नका. विंडोजची फायरवॉल पिंग अडवू शकते. आणि पिंग चालतंय म्हणून डेटाबेसचं दार उघडं आहे, असंही नाही. पिंग एवढंच सांगतं की गल्लीत तो पीसी आहे.

बिलिंग बाजूला ठेवून तपासा

इथून पुढे कॉम्प्युटरची थोडी सवय हवी. पण ही तपासणी शिकून घेण्यासारखी आहे, कारण भांडण कोणाशी करायचं ते हिच्यावरून ठरतं: नेटवर्कवाल्याशी की बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याशी.

काउंटरवर पॉवरशेल उघडा आणि टीएनसी, जागा, सर्व्हरचा पत्ता, जागा, डॅश पोर्ट, जागा, १४३३ असं टाइप करा. शेवटी ‘टीसीपी टेस्ट सक्सीडेड’ समोर ट्रू की फॉल्स ते बघा. हीच कमांड सर्व्हरच्या पीसीवर, पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट लिहून चालवा. सर्व्हरवर ट्रू आणि काउंटरवर फॉल्स, तर मध्ये फायरवॉल किंवा नेटवर्क आहे. दोन्हीकडे फॉल्स, तर एसक्यूएल सर्व्हर त्या पोर्टवर ऐकतच नाहीये. दोन्हीकडे ट्रू, तर रस्ता मोकळा आहे, दोष लॉगिनमध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये.

दुसरी युक्ती यूडीएल फाइलची. डेस्कटॉपवर रिकामी टेक्स्ट फाइल बनवा आणि नाव बदलून शेवट डॉट यूडीएल करा. एक्सप्लोररमध्ये फाइलची एक्स्टेन्शन दिसत असली पाहिजेत, नाहीतर ती यूडीएल डॉट टीएक्सटी होऊन बसते आणि नोटपॅडच उघडतो. फाइलवर डबल क्लिक केलं की छोटी खिडकी येते: प्रोव्हायडर निवडा, सर्व्हरचं नाव, युजर आणि पासवर्ड भरा, टेस्ट कनेक्शन दाबा. काही इन्स्टॉल करायला नको. हे जोडलं गेलं आणि बिलिंग जोडलं जात नाही, तर सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावा आणि त्या खिडकीचा फोटो पाठवा. “तुमच्या नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे” हे वाक्य मग त्याला म्हणता येत नाही.

फायरवॉल, आणि ‘पब्लिक’ झालेलं दुकान

सर्व्हरवर ट्रू, काउंटरवर फॉल्स. काल चालत होतं, आज नाही. माझा पहिला प्रश्न असतो, “राउटर बदललाय का?” बहुतेक वेळा उत्तर येतं, “हो, फायबरवाला येऊन नवीन बसवून गेला.”

नवा राउटर दिसला की विंडोजला ते अनोळखी नेटवर्क वाटतं आणि ते त्याला ‘पब्लिक’ ठरवतं, जणू पीसी एसटी स्टँडवरच्या वायफायला जोडलाय. फायरवॉलचा नियम ‘प्रायव्हेट’पुरता लिहिलेला असेल तर तो तिथे लागूच होत नाही. सर्व्हरवर सेटिंग्ज, नेटवर्क, तिथे प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ करा. एवढ्याने सुटलं तर पुढे वाचायची गरज नाही.

नाही सुटलं तर इनबाउंड रूल्समध्ये टीसीपी १४३३ ला परवानगी देणारा नियम आहे का बघा. इन्स्टन्सच्या नावाने जोडत असाल तर यूडीपी १४३४ लाही. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तीही बघावी लागते. फायरवॉल पाच मिनिटं पूर्ण बंद करून तपासायला हरकत नाही, पण ती तशीच बंद ठेवून निघून जाणाऱ्या मिस्त्रीला परत बोलावू नका.

शेठच्या टेबलावर चालतं, काउंटरवर कधी चाललंच नाही

नवीन बसवलेल्या सर्व्हरवर हेच होतं. कारण गमतीदार आहे. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये टीसीपी/आयपी, म्हणजे नेटवर्कवरून बोलायची वाट, मुळातच बंद असते. सर्व्हरच्या पीसीवरचं बिलिंग ‘शेअर्ड मेमरी’ नावाच्या आतल्या वाटेने बोलतं, त्याला नेटवर्क लागतच नाही. म्हणून तिथे सगळं झकास आणि बाहेरून शुकशुकाट. घरातल्या घरात हाक ऐकू येते, पण घराला रस्त्याकडे दारच नाही.

दार उघडायचं एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून. स्टार्ट मेनूत सापडत नसेल तर रनमध्ये एसक्यूएलसर्व्हरमॅनेजर१५ डॉट एमएससी टाइप करा. १५ म्हणजे २०१९ ची आवृत्ती, २०२२ साठी १६. प्रोटोकॉल्समध्ये टीसीपी/आयपी ‘एनेबल्ड’ करा. मग त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी अॅड्रेसेस टॅबच्या अगदी तळाशी ‘आयपी ऑल’ असतं. तिथे ‘टीसीपी डायनॅमिक पोर्ट्स’ची चौकट रिकामी करा, शून्यसुद्धा ठेवू नका, आणि ‘टीसीपी पोर्ट’मध्ये १४३३ लिहा. सर्व्हिस रीस्टार्ट करा. ती केल्याशिवाय बदल लागू होत नाही, आणि हे विसरून अर्धा दिवस घालवलेल्यांत मीही आहे.

डायनॅमिक पोर्ट का काढायचा? नाव दिलेला इन्स्टन्स पहिल्यांदा सुरू होताना कुठला तरी मोकळा पोर्ट पकडतो आणि पुढे तोच वापरायचा प्रयत्न करतो. पण एखाद्या सकाळी तो पोर्ट दुसऱ्या कुणी घेतलेला असेल तर नवा धरतो. फायरवॉलचा नियम जुन्याच पोर्टसाठी राहतो. सहा महिन्यांतून एकदा होणारे आणि कोणालाच न कळणारे बिघाड यातून येतात. पोर्ट ठरवून टाकला की काउंटरच्या सेटिंगमध्ये पत्ता, स्वल्पविराम, १४३३ असं लिहायचं. इथे स्वल्पविरामच लागतो. बाकी सगळीकडे पत्ता आणि पोर्टमध्ये विसर्गासारखी दोन टिंबं असतात, त्या सवयीने तीच इथे देऊन लोक फसतात.

पोर्ट दिलात तर एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर या सर्व्हिसची गरज उरत नाही. इन्स्टन्सच्या नावाने जोडायचं असेल तर मात्र ती चालू हवी, कारण ‘एसक्यूएलएक्सप्रेस कुठल्या पोर्टवर आहे?’ या प्रश्नाचं उत्तर १४३४ वर बसून तीच देते. एरर २६ म्हणजे बहुधा हे उत्तर मिळालं नाही. २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर नावाचा वर्म, म्हणजे आपला आपण पसरणारा व्हायरस, याच १४३४ मधून जगभर पसरला होता, अवघ्या ३७६ बाइटचा. त्याला अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधीच दिलेली होती, लावली नव्हती लोकांनी. तेव्हापासून ही दारं मुळात बंद ठेवलेली बरी, असं मलाही वाटतं. लागेल तेवढंच उघडा.

लॉगिनने परत पाठवलं तर

१८४५६ मध्ये काउंटरवर नेहमी ‘स्टेट १’ दिसतं. चोराला कळू नये म्हणून खरं कारण मुद्दाम लपवलेलं असतं. ते सर्व्हरच्या पीसीवर एररलॉग नावाच्या फाइलमध्ये असतं. प्रोग्रॅम फाइल्स, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर, त्यात एमएसएसक्यूएल१५ डॉट एसक्यूएलएक्सप्रेस, एमएसएसक्यूएल, लॉग. नोटपॅडमध्ये उघडा आणि तळापासून वर वाचा. स्टेट ५ म्हणजे त्या नावाचा युजरच नाही. ८ म्हणजे पासवर्ड चुकला. ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोजची लॉगिनं घेतोय, विंडोजची आणि एसक्यूएलची, दोन्ही लॉगिनं घेणारा मिक्स्ड मोड चालू केलेला नाही. ३८ म्हणजे माणूस ओळखीचा आहे, पण तो मागतोय तो डेटाबेस उघडत नाही. सर्व्हर कुठल्या पोर्टवर ऐकतोय तेही याच फाइलच्या सुरुवातीच्या भागात लिहिलेलं असतं.

दर दीड महिन्याने पडणारा एक बिघाड मला बराच काळ चकवत होता. कापडाचं दुकान, तीन काउंटर, एकदम तिन्ही बंद. पहिल्या वेळी मी रीस्टार्ट केलं, मग सॉफ्टवेअरवाल्याने लांबून जोडून पासवर्ड पुन्हा टाकून दिला आणि चालू झालं. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्यांदा शेठ म्हणाले, “अहो, अमावास्येला होतंय का बघा.” मी तारखा काढल्या. अमावास्या नव्हती, पण दोन्ही वेळा मधले दिवस सारखेच होते, ४२. विंडोजच्या धोरणात पासवर्डचं मुळातलं आयुष्य ४२ दिवसांचं असतं, आणि लॉगिन बनवताना ‘एन्फोर्स पासवर्ड एक्स्पिरेशन’ची खूण तशीच राहिली की एसक्यूएलचं लॉगिनही त्याच हिशेबाने मुदतबाह्य होतं. त्याचा आकडा वेगळा असतो, १८४८७. बिलिंगचा प्रोग्रॅम मात्र प्रत्येक चुकीला ‘कनेक्शन फेल्ड’ एवढंच दाखवायचा. त्या एका लॉगिनची खूण काढली आणि विषय संपला. एररलॉग पहिल्याच दिवशी उघडला असता तर तिथे सरळ लिहिलेलं होतं.

नवा पीसी, जुनं बिलिंग

इथे दोष ड्रायव्हरचा, म्हणजे बिलिंग आणि डेटाबेस यांच्यातल्या दुभाष्याचा असतो. जुनी बिलिंग सॉफ्टवेअरं ३२ बिटची, नवं विंडोज ६४ बिटचं. या दुभाष्यांची, म्हणजे ओडीबीसीची, दोन वेगळी पॅनल असतात आणि एकातला डीएसएन (जोडणीची नाव देऊन ठेवलेली नोंद) दुसऱ्या जातीच्या प्रोग्रॅमला उपयोगी पडत नाही. ३२ बिटचं पॅनल विंडोज फोल्डरातल्या सिसवाऊ६४ मध्ये आहे आणि ६४ बिटचं सिस्टम३२ मध्ये. होय, उलटं. लिहिताना चुकलेलो नाही. स्टार्ट मेनूत ओडीबीसी शोधलं की दोन्ही बिटच्या आकड्यासह दिसतात, तिथूनच उघडा.

ओडीबीसी ड्रायव्हर १८ टाकल्यावर ‘सर्टिफिकेट चेन’बद्दल तक्रार आली, तर घाबरू नका. या आवृत्तीपासून कनेक्शन मुळातच एन्क्रिप्टेड मागितलं जातं आणि दुकानातल्या सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, त्याने स्वतःच बनवलेलं असतं. दुकानाच्या आतल्या वायरीपुरतं ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ला होय म्हणता येतं. पतसंस्थेत मात्र मी तसं करत नाही, तिथे सर्टिफिकेट नीट लावून घ्या.

मध्येच तुटतं, किंवा पहिलं बिल रखडतं

१००५४ वारंवार येत असेल तर काउंटर वायफायवर आहे का बघा. असेल तर वायर ओढा. यावर मी वाद घालत नाही. वायरवर असूनही तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवण्यासाठी बंद करू दे’ ही खूण काढा.

जोडलं जातं, पण शांत वेळेनंतरचं पहिलं बिल रखडतं आणि एररलॉगमध्ये ‘स्टार्टिंग अप डेटाबेस’ ओळीवर ओळ दिसते? एक्सप्रेसवर बनवलेल्या डेटाबेसला ऑटो क्लोज चालू असतं. शेवटचा माणूस बाहेर पडला की डेटाबेस बंद होतो, पुढचा आला की पुन्हा उघडतो. मॅनेजमेंट स्टुडिओ या एसक्यूएल सर्व्हर सांभाळायच्या प्रोग्रॅममध्ये डेटाबेसच्या प्रॉपर्टीजमधून ते फॉल्स करा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

एररलॉगमध्ये ८२३ किंवा ८२४ दिसला, किंवा डेटाबेसच्या नावापुढे ‘सस्पेक्ट’ किंवा ‘रिकव्हरी पेंडिंग’ आलं, तर हात मागे घ्या. हा कनेक्शनचा बिघाड नाही, डिस्क किंवा डेटा बिघडलाय. असा डेटाबेस डिटॅच करू नका, म्हणजे सर्व्हरपासून सोडवू नका. परत अॅटॅच होईलच असं नाही. इंटरनेटवर वाचून ‘रिपेअर अलाऊ डेटा लॉस’ चालवू नका, त्याच्या नावातच काय होणार ते लिहिलंय. सर्व्हिस बंद करून एमडीएफ आणि एलडीएफ या डेटाबेसच्या दोन्ही फाइल्स दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा, बस्स. डिस्क टकटक आवाज करत असेल तर तेही करू नका, पीसी बंद करा.

नव्या विंडोज ११ च्या पीसीवर सर्व्हिस कधीच उठत नसेल, तर एक शक्यता एनव्हीएमई (नव्या जातीची एसएसडी) डिस्कच्या सेक्टरची, म्हणजे ती डेटा ज्या तुकड्यांत ठेवते त्यांच्या आकाराची असते. एसक्यूएल सर्व्हरला ५१२ बाइट किंवा ४ केबी चालतं, काही डिस्क त्याहून मोठा आकडा सांगतात. उपाय आहे, पण तो रजिस्ट्रीतला. स्वतः करू नका.

फाइल्सची नावं बदललेली, शेवटी अनोळखी अक्षरं, आणि पैसे मागणारी टेक्स्ट फाइल दिसली तर आधी नेटवर्कची केबल उपसा. बॅकअपची पेनड्राइव्ह त्या पीसीला लावू नका. मग फोन करा.

आणि घरून बिलिंग बघता यावं म्हणून कोणी राउटरवर १४३३ बाहेर उघडून दिला असेल, तर आजच बंद करून घ्या. अशा एका ठिकाणी एररलॉग उघडला तर ‘एसए’ या सगळे अधिकार असलेल्या लॉगिनच्या नावाने चुकलेल्या लॉगिनच्या ओळी संपेचनात, सगळे पत्ते परदेशातले. घरून बघायचंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे घर ते दुकान अशी बंदिस्त वाट, करून देणारा माणूस गाठा.

बोलावताना हाताशी एवढं ठेवा: संदेशाचा फोटो, एररलॉगची कॉपी, शेवटचा बॅकअप कधीचा आणि कुठे, आणि काल-परवा दुकानात काय बदललं. राउटर, अँटिव्हायरस, पासवर्ड, रंगकामासाठी हलवलेलं टेबलसुद्धा. आणि फोन सर्व्हरच्या पीसीसमोर बसून करा. घरून, आठवून नको.